‘समजावून सांगितले’ असे तुम्ही सही करून लिहिता: मुंबईच्या वकिलांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल,
तसेच मुंबईतील न्यायालयांत काम करणाऱ्या सर्व वकील बंधू-भगिनींना

विषय: लॅटिन संज्ञांचा अर्थ पक्षकाराला त्याच्या भाषेत सांगण्याबाबत

सादर नमस्कार.

इंग्रजी न येणाऱ्या माणसाचे प्रतिज्ञापत्र मुंबईत तयार होते, तेव्हा त्याच्या सहीच्या किंवा अंगठ्याच्या खाली एक ओळ टाइप केलेली असते. वरील मजकूर पक्षकाराला मराठीतून समजावून सांगितला आणि त्याला तो समजला, अशा अर्थाची. तिच्याखाली वकिलाची सही असते. हे पत्र त्या सहीबद्दल आहे.

फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टंकलेखिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. ही ओळ मी टाइपरायटरवर टाइप केली आणि पुढे कॉम्प्युटरवरही केली. निवृत्त झाल्यापासून मी मोफत कायदेविषयक मदत केंद्रावर बसते. मी वकील नाही, सल्ला देत नाही. आलेल्या माणसाचे कागद लावून द्यायचे, कुठे जायचे ते सांगायचे, एवढे माझे काम. लोक प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद आणतात. त्यांना पुढची तारीख पाठ असते, समोरच्या वकिलाचे नाव पाठ असते, आजवर किती पैसे गेले तेही पाठ असते. ज्या शब्दावर त्यांचा दावा फिरला तो शब्द मात्र त्यांना कोणी सांगितलेला नसतो. आणि तो शब्द पुष्कळदा लॅटिन असतो.

लॅटिनवर माझा राग नाही. उलट, त्यातले कितीतरी शब्द या शहराने आपलेसे केले आहेत. शाळेतून ‘बोनाफाईड’ आणायला जाणाऱ्या मुलाला किंवा त्याच्या आईला तो परका शब्द वाटत नाही. अॅफिडेव्हिट तर रेशनकार्डाच्या रांगेतल्या माणसालाही कळते. पुनर्विकासाला निघालेल्या कुठल्याही सोसायटीत जा, चार जण तरी सांगतील की बिल्डर कोर्टात जायच्या आत आपण ‘कॅव्हेट लावून ठेवू’. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १४८-अ कोणाला माहीत नसेल, पण कॅव्हेट लावले की आपल्याला न कळवता समोरच्याला हुकूम मिळवता येणार नाही, ही गोष्ट माहीत असते. ते ९० दिवस टिकते, मग पुन्हा लावावे लागते, हेही कित्येकांना ठाऊक असते. हा शब्द आपले काय राखतो ते लोकांना कोणीतरी सांगितले, म्हणून तो रुजला.

मराठीकडे शब्द नाहीत, असेही नाही. स्टेटस को म्हणजे ‘जैसे थे’, आणि हे दोन शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्यात रोज वाचायला मिळतात. प्रायमा फेसीला ‘सकृद्दर्शनी’ आहे. अॅड इंटेरिम हुकुमाला जिल्ह्याच्या कोर्टात ‘तूर्तातूर्त मनाई’ म्हणतात. सायने डाय म्हणजे ‘बेमुदत तहकूब’, एक्स पार्टे म्हणजे ‘एकतर्फी’. १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, त्याच्याही कितीतरी आधीपासून हे शब्द कोर्टाच्या आवारात चालत आले आहेत. तेव्हा अडचण शब्दसंपत्तीची नाही. पक्षकाराला सांगायचे आहे, हे कोणाच्या मनात येत नाही, अडचण ती आहे.

सांगितले नाही तर काय होते, ते एका संज्ञेवरून सविस्तर लिहिते, कारण ती मुंबईत इतर ठिकाणांपेक्षा वेगळी चालते.

लिस पेन्डन्स. दावा चालू असणे, एवढाच त्याचा अर्थ. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ५२ चे तत्त्व असे, की एखाद्या स्थावर मालमत्तेच्या हक्काबद्दल दावा चालू असताना तिच्या मालकाने ती कोणाला विकली, तरी विकत घेणाऱ्याला त्या दाव्याचा निकाल बांधतो. मला माहीत नव्हते, असे त्याला म्हणता येत नाही. देशात बहुतेक ठिकाणी हे संरक्षण दावा दाखल झाला की आपोआप मिळते. बृहन्मुंबईत मिळत नाही. १९३९ साली मुंबई प्रांताने या कलमात दुरुस्ती केली. तेव्हापासून इथे दावा चालू असल्याची नोटीस नोंदणी कायद्याखाली नोंदवावी लागते, आणि नोंदवल्यानंतरच कलम ५२ लागू होते. नोटिशीत मालकाचे नाव-पत्ता, मालमत्तेचे वर्णन, कोणत्या कोर्टात कोणता दावा आहे आणि तो कधी दाखल झाला, एवढे लिहायचे असते. दुरुस्तीमागचा विचार चांगला होता. घर घेणाऱ्याने नोंदणी कार्यालयात शोध घेतला की त्याला दावा दिसावा, त्याची फसगत होऊ नये.

आता समजा, एका कुटुंबाने उपनगरात घर घ्यायला इसार दिला, करारनामा केला, आणि भाव वाढल्यावर मालक उलटला. कुटुंबाने करारपूर्तीचा दावा लावला. दावा पडून राहिला, जसे दावे पडून राहतात. दरम्यान मालकाने तेच घर तिसऱ्याला विकले. तो तिसरा कोर्टात येऊन म्हणतो, मी पूर्ण किंमत मोजली, सचोटीने घेतले, मला या भांडणाची कल्पनाच नव्हती. विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ चे कलम १९ अशा खरेदीदाराला वाचवते. नोटीस नोंदवलेली असती तर त्याला हे म्हणताच आले नसते. नोंदवलेली नसेल, तर त्याला आधीपासून माहिती होती हे सिद्ध करत बसायचे. मनाई हुकूम मिळवून ठेवला असेल तर त्याचा आधार. नाहीतर पैसे परत मिळवण्यासाठी भांडायचे, आणि तोवर त्या पैशांत त्या भागात घर उरलेले नसते.

असे कागद घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत. दावा दाखल झाला म्हणजे घर राखले गेले, अशी त्यांची पक्की समजूत असते. त्यांच्या अर्जात लिस पेन्डन्सचा उल्लेखही असतो, आणि त्याच्याखाली ‘समजावून सांगितले’ ही ओळही असते. नोटीस नोंदवायला लागणारा खर्च आणि श्रम दाव्याच्या मानाने अगदी किरकोळ. तो करायचा असतो, हे पहिल्याच दिवशी मराठीत दोन वाक्यांत सांगता आले असते.

एक्स पार्टेचेही तसेच. शब्द मराठीत आहे, लोकांना कळतोही. कळत नाही ती मुदत. मुंबईत माणसे पत्त्यावर टिकत नाहीत. चाळ पाडायला घेतली की कुटुंब संक्रमण शिबिरात जाते, आणि समन्स जुन्या दाराला चिकटवले जाते. कित्येकदा ते दारही राहिलेले नसते. एकतर्फी हुकूमनामा झाल्याचे कळते ते थेट वसुलीच्या वेळी. तो रद्द करून घ्यायचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हे ३० दिवस हुकूमनाम्याची माहिती झाली त्या दिवसापासून मोजतात. पाचव्या दिवशी आलेला माणूस आणि पन्नासाव्या दिवशी आलेला माणूस यांच्यात केवढे अंतर पडते, ते तुम्ही जाणता. उशिरा आलेल्याला विलंबमाफीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि उशीर का झाला याचा हिशेब द्यावा लागतो. कारण खरे असते. कागदावर दाखवायला मात्र काही नसते.

रेस ज्युडिकाटाबद्दल थोडक्यात. एकदा निकाल लागलेला वाद त्याच पक्षकारांत पुन्हा चालत नाही, हे लोकांना साधारण पटते. पहिल्या दाव्यात जे मांडता आले असते आणि मांडायला हवे होते, पण मांडले नाही, तेही गेले, हे पटत नाही. कारण कोणी सांगितलेले नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ च्या स्पष्टीकरणातली ही गोष्ट पहिला दावा लिहिला जातो त्या दिवशी पक्षकाराला समजायला हवी. तेव्हा तो आठवून आठवून सगळे सांगेल. वकील बदलल्यावर समजून काय उपयोग?

कुटुंब न्यायालयात हा प्रश्न आणखी टोकाला जातो. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाला गरज वाटली तर ते कायदा जाणणाऱ्याची मदत घेऊ शकते, आणि त्या मदतनिसाला कायद्याने दिलेले नाव आहे अॅमिकस क्युरी. ज्या कोर्टात बाईने स्वतः उभे राहून बोलावे अशी कायद्याची अपेक्षा आहे, तिथेही तिच्या खर्चाच्या अर्जाचे नाव पेन्डेन्टे लिटे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ चा मथळाच तसा आहे. दावा चालू असेपर्यंतचा पोटगीखर्च आणि कोर्टखर्च, असा त्याचा सरळ अर्थ. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत असा अर्ज निकाली काढावा, असे कलमातच म्हटले आहे. ही ६० दिवसांची गोष्ट माहीत असलेली बाई तारखेला उभी राहून विचारू शकते, की साहेब, माझ्या अर्जाचे काय झाले. माहीत नसलेली गप्प उभी राहते आणि पुढची तारीख लिहून घेते.

तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील, या संज्ञांमागे शतकांचा विचार आहे, त्या काढून टाकल्या तर नेमकेपणा जाईल. मला ते मान्य आहे. शिवाय या संज्ञांनी मुंबईच्या साध्या माणसांसाठी मोठी कामे केली आहेत, हेही मला इथे लिहायचे आहे.

ऑडी अल्टेरम पार्टेम, दुसऱ्या बाजूचेही ऐका. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३१४ मध्ये आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण हटवण्याचा अधिकार आहे. पदपथावर राहणाऱ्यांच्या ऑल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अधिकार आहे म्हणून तो दरवेळी तसाच वापरायचा नसतो. एरवी आधी नोटीस द्यावी, माणसाचे म्हणणे ऐकावे. न्यायालयाने कलम रद्द केले नाही, आणि पदपथावर कायम राहण्याचा हक्कही दिला नाही. पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, त्यांना हलवू नये असा दिलासा दिला. पण उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि उठवण्याआधी ऐकून घेणे हा नियम आहे, या दोन गोष्टी त्या निकालाने पक्क्या केल्या. आज एखाद्या फेरीवाल्याला किंवा झोपडीवाल्याला वॉर्ड ऑफिसमधून नोटीस येते, तेव्हा ‘माझे म्हणणे ऐका’ असे लेखी मागायचा त्याला आधार आहे. तो आधार त्याच्या शहरातल्या, त्याच्यासारख्याच माणसांनी मिळवलेला आहे. हे त्याला कोण सांगणार?

लोकस स्टँडाय म्हणजे दाद मागण्याचा अधिकार. ज्याचे स्वतःचे नुकसान झाले त्यानेच कोर्टात यावे, हा जुना नियम. नागदेवीच्या हार्डवेअर दुकानांतल्या कामगारांचा बोनसचा वाद मुंबई कामगार सभेने १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, तेव्हा संघटनेला त्यांच्या वतीने उभे राहता येते का, असा आक्षेप निघाला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरीब माणसांसाठी तो दरवाजा रुंद केला. पुढे जनहित याचिका म्हणून जे उभे राहिले, त्याची एक सुरुवात या शहराच्या बाजारपेठेत आहे.

हल्ल्यानंतर कित्येक वर्षे अचेतनासारख्या अवस्थेत पडून राहिलेल्या, केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात तर दोन लॅटिन संज्ञा एकत्र आल्या. २०११ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करायला ज्येष्ठ वकील टी. आर. अंध्यारुजिना अॅमिकस क्युरी होते. अशा रुग्णाचे उपचार थांबवायचे का, हे शेवटी उच्च न्यायालयाने पॅरेन्स पॅट्रिए म्हणून ठरवावे, असे निकालात म्हटले. ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही त्याच्या पालकाच्या जागी न्यायसंस्था उभी राहते, हा त्याचा अर्थ. अरुणाताईंना इतकी वर्षे जपणाऱ्या केईएमच्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांना न्यायालयाने त्यांचे खरे सुहृद मानले. असा विचार ज्या संज्ञेत आहे ती टाकून द्या, असे मी कशी म्हणेन? मी म्हणते, ती त्या वॉर्डातल्या परिचारिकेलाही कळू द्या.

आणि हेबियस कॉर्पस. अटकेत ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, हा हुकूम. संविधानाच्या अनुच्छेद ३२ आणि २२६ मध्ये तो नावानिशी आहे. आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलेल्यांच्या घरच्यांनी या नावाने देशभर अर्ज केले, आणि नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकता येतात असे ठरवले. त्यांत आपले मुंबई उच्च न्यायालयही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते फिरवले. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे वेगळे उभे राहिले. त्यांचे मत बरोबर होते, हे २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले आणि जुना निकाल पुसला. संविधानाच्या मराठी प्रतीत या हुकुमाला ‘देहोपस्थिती’ म्हटले आहे, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘बंदी प्रत्यक्षीकरण’. दोन्ही शब्द मुलांच्या तोंडी बसत नाहीत. मुलगा रात्री घरातून उचलून नेला आणि ठाण्यात कोणी काही सांगत नाही, अशा आईपुढे यांतला कोणताही शब्द ठेवून भागत नाही. तिला सांगायचे असते, की ताई, तुम्ही थेट हायकोर्टात अर्ज करू शकता, तुमचा मुलगा कुठे आहे आणि कोणत्या कायद्याखाली धरला आहे हे पोलिसांना कोर्टात सांगावेच लागेल. समजावून सांगणे म्हणजे मी एवढेच म्हणते आहे.

फौजदारी कामात मेन्स रिया, म्हणजे दोषी मन किंवा गुन्ह्याचा हेतू, याचा अर्थ आरोपीला कळणे किती आवश्यक आहे, हेही मुंबईच्याच एका खटल्यावरून दिसते. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये झुरिकहून मनिलाला निघालेला एक जर्मन प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर ३४ किलो सोन्यासह सापडला. तो इथे उतरणारही नव्हता. भारतातून पुढे जाणारे सोने विमानाच्या मालयादीत जाहीर केले पाहिजे, ही रिझर्व्ह बँकेची अधिसूचना त्याच्या चारच दिवस आधी राजपत्रात आली होती. नियम माहीत नव्हता, गुन्ह्याचा हेतू नव्हता, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी धरले, कारण या प्रकारच्या कायद्यात तसा हेतू सिद्ध करायची गरज नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत मात्र वेगळे होते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध एम. एच. जॉर्ज हा खटला तुम्ही सगळे कॉलेजात शिकला आहात. काही गुन्ह्यांत मन दोषी असावे लागते आणि काहींत लागत नाही, हा फरक ज्याच्यावर खटला आहे त्याला आधी कळला पाहिजे. दुसऱ्याचे पार्सल पोचवताना पकडला गेलेला पोरगा ‘मला माहीत नव्हते’ एवढेच म्हणत राहतो. त्याच्या गुन्ह्यात या म्हणण्याला किती वजन आहे, ते त्याला कोणी सांगत नाही.

माणसाला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, हे तत्त्व आपल्या कायद्याला नवे नाही. १९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की स्थानबद्धतेची कारणे त्या माणसाला कळेल अशा भाषेत दिली नाहीत, तर ती दिलीच नाहीत असे होते. आणि २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात त्याच न्यायालयाने अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावीत, असे सांगितले. पोलिसांवर हे बंधन आहे. आपल्याच बाजूच्या वकिलाकडून पक्षकाराला त्याहून कमी का मिळावे?

ज्या इंग्रजांकडून ही परंपरा आली त्यांनी तर आधीच बदल केले. मुंबईतल्या त्यांच्या मेयर्स कोर्ट या न्यायालयाची सनद १७२६ ची. तेव्हा इंग्लंडच्या न्यायालयांचे दप्तर लॅटिनमध्ये लिहिले जात होते. १७३० मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला आणि १७३३ पासून ते इंग्रजीत आले, कारण लोकांना स्वतःवरचे हुकूम वाचता येत नव्हते. १९९९ च्या दिवाणी नियमांत त्यांनी एक्स पार्टे, इन कॅमेरा असे शब्दही बाजूला करून साधे इंग्रजी शब्द घेतले. आपण तेवढे करावे असे माझे म्हणणे नाही. अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, आणि तो विषय माझ्या या पत्राचा नाही. न्यायाधीशांपुढे तुम्ही लॅटिन बोला. पण निकालपत्रे वाचताना खुद्द न्यायाधीशांचीही दमछाक होते. २०२२ मध्ये एका बँक कर्मचाऱ्याच्या प्रकरणात एका उच्च न्यायालयाचा निकाल समजण्यापलीकडचा आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो परत पाठवला, आणि निकाल सोपा लिहा असे बजावले. निकालाला जे लागू आहे ते प्रतिज्ञापत्राला अधिकच लागू आहे, कारण प्रतिज्ञापत्र दुसऱ्याच्या शपथेवर लिहिलेले असते.

यावर मला थोडे थांबून बोलायचे आहे. इंटर अलिया (इतर गोष्टींबरोबर), इप्सो फॅक्टो (त्या वस्तुस्थितीमुळेच), म्युटाटिस म्युटांडिस (योग्य त्या फेरफारांसह) हे शब्द मी हजारो कागदांवर टाइप केले. बहुतेक ठिकाणी ते काढले असते तरी अर्थाला धक्का लागला नसता. जुन्या मसुद्यातून नव्या मसुद्यात ते तसेच येत राहतात. तुमच्या युक्तिवादात ते असले तर माझी तक्रार नाही. पण प्रतिज्ञापत्रात ‘मी’ असते. मासे विकणारी बाई किंवा गिरणीतून निवृत्त झालेले काका देवाची शपथ घेऊन ‘मी असे म्हणते’, ‘मी असे म्हणतो’ म्हणतात, आणि पुढची वाक्ये त्यांना कधीही सुचली नसती अशी असतात. उलटतपासणीत समोरचा वकील त्यातलेच एखादे वाक्य उचलून विचारतो, हे तुम्ही लिहिलेत ना, याचा अर्थ सांगा. त्या क्षणी त्या माणसाचा जो चेहरा होतो तो तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिला असेल. खरे बोलणारा माणूस तिथे खोटा दिसतो. ‘समजावून सांगितले’ ही ओळ कोणी तपासत नाही म्हणून ती औपचारिक झाली आहे. तिची किंमत मात्र पक्षकार मोजतो.

वेळ नाही, ही तुमची अडचण मी नाकारत नाही. तरुण वकिलाला सकाळी किल्ला कोर्टात, दुपारी शिवडीला आणि संध्याकाळी ऑफिसात ड्राफ्टिंगला बसावे लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अनेक वकिलांना मराठी सफाईने येत नाही, हेही खरे. आजही समजावण्याचे बरेचसे काम तुमचे क्लार्क करतात, जिन्यात उभे राहून, पुढच्या खात्यात धावता धावता. त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. पण काय सांगायचे ते लिहून दिलेले नसल्यामुळे प्रत्येक क्लार्क आपल्या समजुतीप्रमाणे सांगतो. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे, तो अभ्यासकाच्या कामाचा. मानखुर्दच्या मंडाले वस्तीतल्या किंवा डोंगरीच्या चाळीतल्या माणसाला एका शब्दाच्या जागी दुसरा अवघड शब्द देऊन काही होत नाही. त्याला हवे असते ते हे, की याने माझे काय होणार, मी काय करायचे आणि किती दिवसांत.

म्हणून बार कौन्सिलला माझी विनंती आहे, की पक्षकाराशी वारंवार संबंध येणाऱ्या लॅटिन संज्ञांची मराठी पत्रके काढावीत. एका संज्ञेला एक पान, त्याहून जास्त नको. त्यावर साधा अर्थ, मुदत, कुठे जायचे, आणि न केल्यास काय जाते, एवढे असावे. मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि गुजरातीतही असावे, कारण मुंबईच्या कोर्टात उभा राहणारा प्रत्येक जण मराठी नसतो, आणि समजून घेण्याचा त्याचा हक्क माझ्याइतकाच आहे. वकीलपत्रावर सही घेताना लागू असलेली पत्रके पक्षकाराच्या हातात द्यावीत आणि ती मिळाल्याची त्याची सही घ्यावी. त्याने तुमचेही रक्षण होईल.

१८५५ पासून चालत आलेले शासकीय विधी महाविद्यालय चर्चगेटला आहे. तिथल्या आणि शहरातल्या इतर विधी महाविद्यालयांतल्या मुलांची अभिरूप न्यायालये होतात, मुले न्यायाधीशांपुढे बोलायला शिकतात. त्यांना एकदा पक्षकारापुढेही बोलायला लावा. रेस ज्युडिकाटा म्हणजे काय ते कॉलेजच्या शिपायाला किंवा कँटीनमधल्या मावशींना पाच मिनिटांत कळेल असे सांगायचे, आणि त्यांना कळले का ते त्यांनाच विचारायचे. सनद घेण्याआधी प्रत्येकाने हे एकदा तरी केलेले असावे.

आणि सर्व वकिलांना एक विनंती. ‘समजावून सांगितले’ या ओळीच्या आधी एक ओळ वाढवा. या कागदात अमुक अमुक संज्ञा आहेत आणि त्यांचा अर्थ पक्षकाराला असा सांगितला, अशी. संज्ञा नसेल तर ओळ लागणार नाही. असेल, तर ती लिहिताना तुम्हालाच ठरवावे लागेल, की हा शब्द इथे खरोखर हवा आहे का.

केंद्रावर येणाऱ्यांना सांगता सांगता लिस पेन्डन्स, एक्स पार्टे, कॅव्हेट, पेन्डेन्टे लिटे आणि रेस ज्युडिकाटा या पाचांची कच्ची पत्रके मी मराठीत तयार केली आहेत. ती कोणाही जाणत्या वकिलाने तपासल्याशिवाय वाटू नयेत, म्हणून मी ती वाटलेली नाहीत. कौन्सिलने मागितली तर या पत्रापाठोपाठ पाठवते, टायपिंगही करून देते. सगळी एकदम जमणार नसतील तर पहिले लिस पेन्डन्सचे काढावे. नोटीस कोणत्या नोंदणी कार्यालयात द्यायची, सोबत कोणते कागद लागतात आणि दावा दाखल झाल्यावर किती लवकर जावे, एवढे त्यावर असले तरी या महिन्यात दावा लावणाऱ्या कोणाचे तरी घर वाचेल.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त टंकलेखिका
गिरगाव, मुंबई